घरगुती ई-कचरा : माग आणि पुनर्प्राप्ती (कोल्हापूर)

वापरातून बाद झालेल्या दूरचित्रवाणी संच, फ्रिज, धुलाई यंत्र, संगणक, मोबाइल, मिक्सर इत्यादी उपकरणांतील धातू, काच व प्लॅस्टिक वेगळे काढून ते पुन्हा उत्पादनात आणणे, आणि या प्रवासात कोणता माल किती वजनाने कोणाच्या हातून कोठे गेला याची नोंद ठेवणे, या दोन्ही कामांचा समावेश या विषयात होतो. पहिले काम कोल्हापुरात, अपुरे का असेना, पूर्वापार चालत आले आहे. दुसऱ्याची सुरुवात मात्र कायद्याने झाली.

भारतात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम प्रथम 2011 मध्ये झाले व ते 1 मे 2012 पासून अमलात आले. त्यानंतर 2016 चे नियम आले आणि आज लागू असलेले 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून सुरू झाले. बाजारात उपकरण आणणाऱ्या कंपनीने ठरलेल्या प्रमाणात जुन्या मालाचे पुनर्चक्रण घडवून आणावे, हे त्यांचे मुख्य सूत्र असून हे प्रमाण 2023-24 साठी 60 टक्के होते व 2027-28 पासून ते 80 टक्के राहणार आहे. नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याने धातू काढला की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर त्याच्या खात्यात प्रमाणपत्रे जमा होतात आणि कंपन्या ती विकत घेऊन आपले उद्दिष्ट भरतात. या प्रमाणपत्रांच्या कमाल व किमान किमती ठरविण्याचा अधिकार 2024 च्या दुरुस्तीने मंडळाला मिळाला.

या व्यवस्थेत माग लागतो तो वजनाचा, वस्तूचा नव्हे. नोंद सुरू होते ती पुनर्चक्रणकर्त्याच्या काट्यावर. राजारामपुरीतल्या घरातून निघालेला टीव्ही त्या काट्यापर्यंत पोहोचला की वाटेतच फुटला, हे कोणत्याही खात्यावर दिसत नाही. प्रत्यक्षात तो हातगाडीवरच्या भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातो, किंवा सणासुदीच्या ‘जुना द्या, नवा घ्या’ योजनेत दुकानदाराकडे जमा होतो. दुरुस्त होण्याजोगा असेल तर तो जुन्या मालाच्या व्यापाऱ्यामार्फत पुन्हा एखाद्या घरात लागतो, आणि हाच त्याचा सर्वांत चांगला उपयोग मानला पाहिजे. नाही तर भंगाराच्या वखारीत त्याचे तुकडे होतात: तांबे एकीकडे, लोखंड दुसरीकडे, सर्किट बोर्ड पोत्यांत. या टप्प्यावर मालाची दिशा भावच ठरवतो.

लोखंडाला कोल्हापुरात गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले या औद्योगिक परिसरांत वाढलेल्या ओतकाम उद्योगाला भंगार हा नित्याचा कच्चा माल आहे. मात्र उपकरणांतून आलेला पत्रा व मोटारींचे तुकडे निवडून घ्यावे लागतात. राखी बिडात, म्हणजे करड्या ओतीव लोखंडात, थोडे तांबे मिसळले तर त्याची मजबुती वाढते. तेच तांबे पोलादात उरले तर तापवून लाटताना पृष्ठभागाला चिरा पडतात. शिशाचे तसे नाही. तारा व सुटे भाग जोडण्यासाठी वापरलेल्या टीन-शिशाच्या जुन्या डाकातून आलेले शिसे शेकडा काही सहस्रांश इतके असले तरी बिडातील ग्रॅफाइटचा आकार बिघडवते आणि ओतीव भाग कमकुवत होतो. त्यामुळे बोर्ड व डाक लावलेल्या तारा लोखंडातून आधीच काढणे हे पर्यावरणाइतकेच भट्टीवाल्याच्याही हिताचे आहे.

सर्किट बोर्डांतील सोने, चांदी व पॅलॅडियम यांचा विषय निघाला की कोल्हापुरात गुजरी ही सराफपेठ आणि हुपरी यांची आठवण होणे साहजिक आहे. सराफी दुकानांतला केर-माती धुऊन त्यातील सोने-चांदीचे कण वेचणारे झारेकरी महाराष्ट्राला जुने आहेत, तर हुपरीचे नाव चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. पण हे कसब बोर्डाला जसेच्या तसे लागू पडत नाही. केरात धातू मोकळा असतो. बोर्डात तो काचतंतू, राळ आणि डाक यांच्या थरांत अडकलेला असतो. तो सोडविण्यासाठी अम्लराज, म्हणजे सोनेही विरघळविणारे तीव्र आम्लांचे मिश्रण, वापरणे किंवा बोर्ड उघड्यावर जाळणे हे मार्ग पाहिले की ‘घरगुती’ या शब्दाची भीती वाटू लागते: जाळल्याने ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांपासून डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होतात आणि वापरलेले आम्ल गटारात जाते. रीतसर पद्धतीत बोर्डांचा चुरा करून चुंबकाने लोह व बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूत निर्माण होणाऱ्या भोवरी प्रवाहाने ॲल्युमिनियम वेगळे केले जाते, आणि उरलेला तांबेयुक्त भाग धूर व सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात वितळवला किंवा विरघळवला जातो.

प्रमाणपत्रे सध्या सोने, तांबे, ॲल्युमिनियम व लोखंड या चार धातूंसाठी आहेत. परिणामी जुन्या टीव्हीच्या नळीची शिसेयुक्त काच, नळीदिव्यांतला पारा आणि फ्रिजमधला वायू यांची विल्हेवाट हा ज्याच्या त्याच्या अंगावर पडणारा खर्च ठरतो. वखारीत काँप्रेसरची नळी कापली की वायू हवेत जातो. त्यातल्या आर-134ए ची तापमानवाढ घडविण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट आहे. 

पंचगंगेच्या महापुरांनी या प्रश्नात भर घातली. 2019 व 2021 मध्ये शहराचा नदीकाठ आणि शिरोळ तालुका पाण्याखाली गेल्यावर भिजलेली उपकरणे गाळ आणि अंथरुणांसोबत रस्त्यावर आली. एरवी महिनोन्‌महिने थोडाथोडा निघणारा माल अशा वेळी काही दिवसांत एकत्र येतो आणि त्याची वर्गवारी करायला कोणालाच उसंत नसते. घनकचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे पाठविणे, तसेच ज्याचा उत्पादक सापडत नाही अशा मालाची सोय लावणे ही जबाबदारी नियमांनी नागरी स्थानिक संस्थांवर, म्हणजे कोल्हापूर शहरात महानगरपालिकेवर, टाकली आहे.

बॅटऱ्या मात्र या हिशेबात येत नाहीत. इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी आणि मोबाइलमधली लिथियम बॅटरी यांना ऑगस्ट 2022 मध्ये अधिसूचित झालेले बॅटरी कचरा नियम लागू होतात. त्यामुळे एकच मोबाइल खोलला की त्याचे दोन भाग दोन वेगळ्या नियमांखाली, दोन वेगळ्या वह्यांत जातात.