कापराच्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढतो का?

हिमालयात पहिल्यांदा ट्रेकला निघालेल्याला हमखास येणारा मेसेज: "कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगत राहा, उंचावर ऑक्सिजन कमी पडणार नाही." आमच्या जळगावच्या घरीही आईने रुमालात बांधून बॅगेत ठेवली होती. त्यामागची माया खरी. पण ऑक्सिजन त्याने वाढत नाही.

हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो, जळगावातही आणि लेहमध्येही. फरक पडतो तो हवेच्या दाबात. जळगाव जेमतेम 200 मीटरवर, लेह साधारण 3500 मीटरवर. तिथे दाब सुमारे दोन-तृतीयांश उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. कापराचा वास हा दाब वाढवू शकत नाही. तो नाकातल्या थंडावा जाणवणाऱ्या नसा चेतवतो, म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं.

पडताळायचं असेल तर बोटाला ऑक्सिमीटर लावा, पाच मिनिटं शांत बसा, आकडा लिहा. मग नेहमीसारखा श्वास घेत कापूर हुंगा, पुन्हा बघा. दीर्घ श्वास मात्र घेऊ नका. नुसत्या त्यानेही आकडा थोडा चढतो आणि श्रेय कापराला जातं.

खरा उपाय म्हणजे सावकाश चढणं. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. सातपुड्यात कितीही भटकलेला माणूस असो, हा नियम त्यालाही लागू. डोकं दुखून मळमळलं तर पुढे चढू नका. त्रास वाढला तर लगेच खाली उतरा. आणि कापूर खाऊ नका, तो विषारी आहे.