हॅलोवीनचे घरी केलेले वेश आणि त्यामागचा इतिहास

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतल्या दुकानांत काळा-नारिंगी माल दिसू लागतो. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनला, म्हणजे मुलांनी सोंगं घेऊन दारोदार मिठाई मागण्याच्या रात्रीला, अजून दोन महिने असतात, तरी प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद केलेले वेश मांडणीवर लटकलेले असतात. २०२३ साली तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने हॅलोवीनवरच्या खर्चाचा अंदाज १२.२ अब्ज डॉलर इतका दिला होता. त्याच पाहणीत ४५ टक्के लोकांनी सांगितलं होतं की आपण ऑक्टोबर लागायच्या आतच खरेदीला सुरुवात करू. असे आकडे वाचले की हा मुळातच बाजाराने उभा केलेला सण आहे असं वाटू लागतं. पण इतिहास वेगळंच सांगतो. दुकानातून आणलेला तयार वेश सर्वसामान्य घरांत आला तो १९३० च्या दशकानंतर. त्याआधीची कित्येक वर्षं वेश घरातच होत होता, घरात जे सापडेल त्यातून होत होता, आणि लवकर तयारीला लागण्याची सवयही त्या घरकामातूनच आलेली आहे.

सुरुवात आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून करावी लागते. पीक घरात आलं, गुरं रानातून गोठ्यात परतली, की ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री साविन नावाचा सण असायचा. मध्ययुगीन आयरिश लिखाणात त्याचे उल्लेख सापडतात. ही रात्र म्हणजे उजेडाचा अर्धा संपून अंधाराचा अर्धा सुरू होण्याची वेळ, आणि तेव्हा पलीकडच्या जगातले जीव इकडे येतात अशी समजूत होती. पुढे नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस ठरला, त्यानंतर बऱ्याच काळाने २ नोव्हेंबर मृतांच्या प्रार्थनेचा झाला, आणि जुनी रात्र त्या दोन दिवसांना येऊन चिकटली. सोंगं घेऊन दारोदार फिरण्याचे उल्लेख १६ व्या शतकापासून मिळतात, मुख्यतः स्कॉटलंडमधले. तोंड काळं रंगवायचं किंवा मुखवटा लावायचा, दारात जाऊन गाणं-कवन म्हणायचं आणि बदल्यात खाऊ मिळवायचा, असा तो रिवाज होता.

या सोंगांचं साहित्य बघण्यासारखं आहे. शेटलंड बेटांवर पोरं पेंढ्याचे अंगरखे आणि पेंढ्याच्याच उंच टोप्या करत आणि चेहरा कापडाने झाकून घेत. दक्षिण आयर्लंडमध्ये १९ व्या शतकात ‘पांढरी घोडी’ निघायची. एक माणूस अंगावर पांढरी चादर घ्यायचा, सजवलेली घोड्याची कवटी हातात धरायचा आणि पुढे चालायचा. मागे गाईच्या शिंगांची तुतारी फुंकणारी पोरं. प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात कवन म्हटलं जाई, आणि जे घर धान्य-लोणी देईल त्याची भरभराट होईल असं मानलं जाई. यातली एकही वस्तू विकत आणलेली नाही. पेंढा खळ्यावरचा, कवटी मेलेल्या घोड्याची, चादर अंथरुणातली.

कंदीलही घरचाच. आज सगळीकडे भोपळा दिसतो, पण आयर्लंडमध्ये सलगम हा कंद कोरत. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाची एक शाखा मेयो परगण्यात कॅसलबारजवळ आहे. तिथे डोनेगलमधल्या अशा एका कोरलेल्या सलगमची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलेली आहे. मूळ सलगम १९४३ साली संग्रहालयाकडे आला तेव्हा तो सुकून मोडायच्या बेतात होता, म्हणून ही प्रतिकृती करावी लागली. खोल गेलेले डोळे, वेडेवाकडे दात, सुरकुतलेलं कपाळ. आजच्या महागड्या रबरी मुखवट्यांच्या शेजारी तो ठेवला तरी माणूस आधी त्या सलगमकडेच बघेल.

चादर पांघरून भूत होण्याची कल्पना तर आज सगळ्यात सोपी समजली जाते, पण तिच्यामागे खरीखुरी प्रेतवस्त्रं आहेत. इंग्लंडमध्ये गरीब माणसाला शवपेटी परवडत नसे, त्याला कापडात गुंडाळून पुरत. त्यामुळे लोकांच्या मनातलं भूत पांढऱ्या कापडातलंच होतं. १८०४ च्या जानेवारीत लंडनजवळच्या हॅमरस्मिथ गावात या समजुतीने एक बळीच घेतला. तिथे भूत फिरतं अशी महिनाभर आवई होती, लोक काठ्या-बंदुका घेऊन पहारा देत होते. थॉमस मिलवुड नावाचा गवंडी आपल्या धंद्याच्या पांढऱ्या कपड्यांत घरी चालला होता. फ्रान्सिस स्मिथ नावाच्या पहारेकऱ्याने त्याला भूत समजून गोळी घातली. नंतर एका चांभाराने कबूल केलं की आपल्याकडच्या शिकाऊ पोराने मुलांना भुताच्या गोष्टी सांगून घाबरवलं, म्हणून त्याला धडा शिकवायला आपण चादर पांघरून हिंडत होतो. जुनी चादर आणि डोळ्यांना दोन भोकं, एवढ्यावर भागणाऱ्या वेशाला इतका मागचा पसारा आहे.

१८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ झाला आणि लाखो आयरिश माणसं अमेरिकेला गेली. हॅलोवीन त्यांच्याबरोबर गेला. सलगमच्या जागी तिथला मोठा, नारिंगी, पोकळ आणि कोरायला मऊ भोपळा आला. एकदा भोपळा आला म्हटल्यावर तयारीचा हिशेब शेतीशी बांधला गेला. कोरायचा भोपळा तयार व्हायला साधारण तीन ते चार महिने लागतात. उत्तरेकडच्या थंड राज्यांत मेच्या अखेरीस आणि दक्षिणेत जुलैच्या सुरुवातीला बी टाकलं तर तो ऑक्टोबरला हाताशी येतो. पण कोरलेला भोपळा आठवड्याभरात मऊ पडतो, बुरशी धरतो. म्हणजे पेरायची घाई आणि कोरायचा धीर, दोन्ही पाळावं लागतं.

आता या इतिहासातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमची डेनिसन ही कंपनी. हिची सुरुवात १८४४ साली दागिन्यांच्या डब्या करण्यापासून झाली. पुढे ती क्रेप कागद करू लागली, आपण गणपतीच्या आराशीत झालरींना वापरतो तोच चुणीदार कागद. कागद खपवायचा तर त्याचं काय काय करता येतं ते लोकांना शिकवायला हवं, हे तिने ओळखलं. १९०९ साली तिने हॅलोवीनसाठी एक छोटी पुस्तिका काढली, १९१२ साली दुसरी, आणि पुढे १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ दरवर्षी येत राहिली. किंमत अगदी थोडी, पाच-दहा सेंट. आत घराची सजावट, मेजवानीचा बेत, खेळ, आणि मुख्य म्हणजे वेश: चेटकीण, काळी मांजर, घुबड, विदूषक, भोपळा.

कृती विचारपूर्वक बसवलेली असे. कागद थेट अंगावर टिकत नाही, म्हणून आधी मांजरपाटाचा किंवा जुन्या परकराचा सैल झगा घ्यायचा आणि कागद त्यावर टाचायचा. क्रेप कागदाच्या चुण्या एका दिशेने असतात आणि तो ताणतो त्या चुण्यांच्या आडवा. त्यामुळे कंबरेला कागद कोणत्या बाजूने लावायचा यावर वेश रात्रभर टिकणार की पहिल्याच नाचात फाटणार हे ठरे. कडेला फ्रिल हवी तर सुई लागतच नाही. दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत कड धरून हलकेच उलट-सुलट ताणत गेलं की ती आपोआप लाटेसारखी वळते. पाकळ्या, पंख, मांजरीचे कान, सगळं कात्री आणि खळीवर. शिवणकाम न येणाऱ्या बाईलाही दोन संध्याकाळी बसून चार मुलांचे वेश करता येत. याचे तोटेही होते. पाऊस आला की रंग अंगाला लागे. आणि आत मेणबत्ती जळणाऱ्या भोपळ्याशेजारी कागदी घागरा म्हणजे आगीला निमंत्रणच.

पण या पुस्तिकेने एक मोठं काम केलं. वेश घरी करायचा, त्यासाठी आधी बेत ठरवायचा, सामान गोळा करायचं, मग बसून करायचं, हा क्रम तिने हजारो घरांत रुजवला. सप्टेंबरमध्ये हॅलोवीनचा विचार करणं तेव्हा सुरू झालं. कपड्यांची बेतणी कागदावर छापून विकणाऱ्या बटरिक, मॅकॉल, सिम्प्लिसिटी या कंपन्यांनीही मुलांच्या वेशांच्या बेतण्या काढल्या. कापड आणायचं, बेतणी अंथरून कापायचं, एकदा घालून बघायचं, पोर मधल्या काळात वाढलं तर शिवण उसवून सोडायची. हे शेवटच्या आठवड्यात होत नाही.

१९२२ साली तुतानखामूनची कबर सापडली आणि सगळीकडे इजिप्तचं वेड पसरलं. चादरी फाडून केलेल्या पट्ट्या गुंडाळून ममी होता येतं, हे घरोघरी कळायला मग वेळ लागला नाही. १९३० च्या मंदीत पैसे नव्हते, तेव्हा वडिलांचा जुना कोट, फाटकी हॅट आणि जळक्या बुचाच्या काजळीने रंगवलेली दाढी एवढ्यावर पोरं भटक्या बनून निघत. त्याच काळात हॅलोवीनच्या रात्री पोरांचा धुडगूस फार वाढला होता: कुंपणं उपटणं, खिडक्या फोडणं. त्यावर उपाय म्हणून गावोगावी वेशांच्या मिरवणुका आणि मेजवान्या ठेवायला सुरुवात झाली. मिनेसोटातल्या अनोका गावाने तर १९२० सालीच अशी मिरवणूक काढली होती. वेश करण्यात गुंतलेली पोरं कमी नासधूस करतात, हा त्यामागचा साधा विचार मला फार पटतो.

तयार वेशांचा धंदा याच सुमारास मोठा झाला. न्यूयॉर्कच्या बेन कूपरने १९३७ साली आपली कंपनी काढली. तिच्यासारखीच दुसरी होती पेनसिल्व्हेनियातली कॉलेजव्हिल. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं, ते १९४७ साली उठलं, दारोदार मिठाई मागत फिरणं देशभर पसरलं आणि वेशांची मागणी एकदम वाढली. बेन कूपरचा वेश खोक्यात येई आणि खोक्याच्या पारदर्शक खिडकीतून मुखवटा दिसे. पातळ प्लास्टिकचा मुखवटा, मागे पिनेने टाचलेला रबरी दोरा, आणि पाठीवर बांधायचा चकचकीत झगा. झग्याच्या छातीवर त्या पात्राचंच चित्र आणि नाव छापलेलं. किंमत दोन-तीन डॉलर. घरात बाई नोकरीला जात असेल, शिवायला वेळ नसेल, तर या खोक्याने तिची खरोखरच सोय केली आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर मुखवट्याच्या आत श्वासाने दमट व्हायचं आणि त्याची धार गालाला घासायची. शिवाय गल्लीत त्याच पात्राची आणखी तीन मुलं भेटायची.

आगीचा प्रश्न याच काळात ऐरणीवर आला, आणि तो तयार कपड्यांमुळे. १९४० च्या दशकात मुलांसाठी काऊबॉयचे पोशाख निघाले होते, त्यातली लवदार रेयॉनची विजार ठिणगी लागताच भडकायची. मुलं भाजली, काही दगावली. अशा घटनांनंतर १९५३ साली अमेरिकेत अतिज्वालाग्राही कापडावर बंदी आणणारा कायदा झाला. आज घरी वेश करतानाही हे ध्यानात ठेवायला हवं. लोंबत्या बाह्या, पातळ जाळी, कापूस चिकटवलेली दाढी आणि दारातली मेणबत्ती यांची गाठ पडू देऊ नये. भोपळ्यात आता बॅटरीचा दिवा सहज ठेवता येतो.

घरगुती वेश मागे पडतो आहे असं वाटत असतानाच १९७४ साली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये राल्फ ली या मुखवटे आणि बाहुल्या करणाऱ्या कलावंताने आपल्या वस्तीतून एक छोटी मिरवणूक काढली. स्वतः केलेले मोठमोठे मुखवटे, काठ्यांवर नाचवायच्या बाहुल्या, सोबत मुलं आणि शेजारी. तीच पुढे तिथली प्रसिद्ध हॅलोवीन मिरवणूक झाली. तिच्यात चालायला अजूनही एकच अट आहे: अंगावर वेश हवा. मोठ्या माणसांनीही हाताने वेश करावा ही गोष्ट या मिरवणुकीने पुन्हा लोकांच्या मनात आणली. १९८२ च्या शरदात शिकागो परिसरात डोकेदुखीच्या गोळ्यांत कुणीतरी विष मिसळलं आणि सात माणसं गेली. त्या वर्षी भीतीने अनेक ठिकाणी मुलांना बाहेर सोडलं नाही आणि तयार वेशांच्या धंद्याला जबर फटका बसला. बेन कूपर कंपनी १९९० च्या सुमाराला संपली. तिच्या जागी दुसऱ्या आल्या, दोन महिन्यांपुरती उघडणारी दुकानं आली, आणि लवकर तयारीचं वेळापत्रक घराकडून दुकानाकडे गेलं.

घरी वेश करणाऱ्यांना ते वेळापत्रक परत आपल्याकडे आणता येतं. अमेरिकेत आजही चालणारा एक घरगुती वेश पुठ्ठ्याच्या खोक्याचा आहे. त्याचा यंत्रमानव होतो, आगगाडी होते, रुपेरी फॉइल गुंडाळलं की अवकाशयान होतं. खोकं मात्र आधी मिळवून ठेवावं लागतं. खांद्यावरचे पट्टे रुंद कापडाचे हवेत, दोरी काचते. हातांची भोकं खांद्यापेक्षा थोडी पुढे पाडली तर मुलाला मिठाईची पिशवी नीट धरता येते. थंडी असते, म्हणून आत स्वेटर मावेल इतका वेश सैल ठेवायचा. जांभळे फुगे टाचून द्राक्षांचा घड करायचा तर फुगे त्याच दिवशी फुगवायचे, बाकी तयारी आधी.

अमेरिकेतल्या मराठी घरांना ही लवकर तयारी आणखीच गरजेची आहे. तिथे ऑक्टोबरात भोंडला असतो, दिवाळीचा फराळ असतो, मंडळाच्या कार्यक्रमाच्या तालमी असतात आणि त्यातच शाळेतली हॅलोवीनची परेड येते. २०२४ साली तर तिथे अनेक घरांत ३१ ऑक्टोबरच्या एकाच संध्याकाळी लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन दोन्ही आलं. ज्या घरांत वेश सप्टेंबरातच टाचून झाला होता, त्यांना त्या आठवड्यात चकल्या तळायला वेळ मिळाला.