विमान इंधनाचा टँकर चालवायचाय? लायसन्सवरची ‘हॅझर्डस’ नोंद आणि तीन दिवसांच्या वर्गात काय शिकायचं

८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तेव्हापासून कळंबोलीत ट्रकवाल्यांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो: विमानाच्या तेलाचा टँकर चालवायला वेगळं लायसन्स काढावं लागतं का? वेगळं लायसन्स लागत नाही. आहे त्याच लायसन्सवर धोकादायक माल वाहून नेण्याची नोंद करून घ्यावी लागते. पेट्रोल, डिझेल, गॅस, रसायनं आणि विमानाचं इंधन या सगळ्यांना ही एकच नोंद चालते. तिचा आधार म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९.

पात्रता फार मोठी नाही. मालवाहू वाहनाचं चालू लायसन्स हवं. आठव्या अनुसूचीतली एखादी भारतीय भाषा, म्हणजे आपली मराठी चालते, आणि जोडीला इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. इंग्रजीचं ऐकून काही जण तिथेच मागे फिरतात. पण टँकरवरची पाटी आणि केबिनमधलं ट्रेम कार्ड (मालाचा धोका काय आणि अपघातात काय करायचं ते सांगणारा कागद) वाचता येणं हा त्यामागचा हेतू आहे. तिसरी अट म्हणजे राज्य शासनाने मान्यता दिलेल्या संस्थेत ३ दिवसांचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र.

अर्ज राहत्या पत्त्याच्या आरटीओकडे करायचा, मालकाचं ऑफिस कुठे आहे ते इथे पाहत नाहीत. वाशी-ऐरोलीकरांना नवी मुंबई (एमएच-४३), कळंबोली-पनवेलकरांना पनवेल (एमएच-४६), ठाणेकरांना ठाणे (एमएच-०४) आणि कल्याणकरांना कल्याण (एमएच-०५). परिवहनच्या सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की लायसन्सविषयीच्या सेवांमध्ये ही नोंद सापडते. फीही तिथेच दिसते. जवळ मूळ लायसन्स, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आधार आणि पत्त्याचा पुरावा ठेवा. लायसन्सचं नूतनीकरणही सोबत करणार असाल तर डॉक्टरांनी भरलेला नमुना १-अ लागतो.

प्रमाणपत्र हातात पडलं की तिथल्या तिथे स्वतःचं नाव वाचा. माझ्या भाच्याच्या लायसन्सवर वडिलांचं नाव पूर्ण होतं आणि प्रमाणपत्रावर नुसतं आद्याक्षर. तेवढ्यावरून अर्ज परत आला आणि दुरुस्तीसाठी संस्थेत पुन्हा हेलपाटा पडला. ठरलेली नोकरी त्या आठवड्यात दुसऱ्याला गेली.

आता त्या ३ दिवसांविषयी. बरेच जण ते सहीपुरते बसून काढतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. टँकरला लागणाऱ्या आगीचं एक मोठं कारण तिथेच शिकायला मिळतं: स्थिर वीज. जानेवारीत गावी नायलॉनचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच ही वीज. इंधन पाइपातून आणि विशेषतः फिल्टरमधून वेगाने जातं तेव्हा त्यात विजेचा भार साठतो. इंधन विजेचं वाईट वाहक असल्यामुळे तो भार लगेच निघूनही जात नाही. ‘आपल्याकडे हवा दमट, इथे कसली ठिणगी’ असं जुने ड्रायव्हरही म्हणतात. पण दमट हवा बाहेर असते आणि भार टाकीतल्या तेलात असतो. पावसाळ्यातही अर्थिंगची क्लिप, म्हणजे टँकरवरचा भार जमिनीत उतरवणाऱ्या वायरची क्लिप, लागतेच.

गॅन्ट्रीवर, म्हणजे डेपोत टँकर भरतात त्या जागी, इंजिन बंद करायचं, अर्थिंगची क्लिप लावायची आणि त्यानंतरच टाकीचं झाकण उघडायचं. भरण्याचा पाइप तळापर्यंत सोडायचा आणि त्याचं तोंड तेलात बुडेपर्यंत सावकाश भरायचं. वरून धार सोडली की तुषार उडतात, आणि तुषार थंड इंधनाचेही पेटतात. भरून झालं की लगेच डिप रॉड (तेलाची पातळी मोजायची दांडी) घालायचा नाही. डेपोत सांगितलेला वेळ थांबायचं. आधीच्या फेरीला पेट्रोल होतं आणि आता एटीएफ (जेट विमानाचं इंधन) भरायचं असेल, तर जास्तीत जास्त जपा. आतली पेट्रोलची वाफ आणि वरून येणारं भारित तेल, ही जोडी सगळ्यात वाईट.

लहान विमानांना तेल देताना हेच सगळं हातभर अंतरावर घडतं. पिस्टन इंजिनाच्या विमानात अ‍ॅव्हगॅस जातं. ते पेट्रोलच्याच जातीचं, शून्याखालीही पेटणारी वाफ सोडणारं. जेट आणि टर्बोप्रॉपला एटीएफ लागतं, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटू शकेल इतकी वाफ सुटण्याचं तापमान, किमान ३८ अंश. मे महिन्यात उन्हात उभ्या टँकरला ३८ अंश काही लांब नाहीत. विमान आणि टँकर आधी वायरने जोडायचे. क्लिप रंग नसलेल्या धातूवर, नेमून दिलेल्या जागी लावायची. पुढच्या फिरत्या पंख्याला (प्रोपेलरला) किंवा अँटेनाला कधीच नाही. पंखावरून भरताना नोझलची स्वतःची छोटी वायरही टाकीचं झाकण उघडण्याआधी लागली पाहिजे. काढताना उलटा क्रम: नोझल बाहेर, झाकण बंद, मग नोझलची वायर, आणि मोठी क्लिप सगळ्यात शेवटी. भरताना प्लास्टिकचं नरसाळं किंवा डबा वापरू नका, त्यावरचा भार जमिनीत उतरत नाही.

टँकरच्या पाटीवरचे, आत कुठला माल आहे ते सांगणारे आकडेही वर्गातच पाठ करून या. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, एटीएफ १८६३. अपघात झाला तर अग्निशमन दल आधी तोच आकडा वाचतं. ट्रेम कार्ड केबिनमध्ये हाताशी हवं, सीटखालच्या पेटीत कोंबलेलं नको.

विमानतळाच्या आत बाउझर (विमानात तेल भरणारा टँकर) चालवायचा असेल तर ही नोंद पुरत नाही. तिथे प्रवेशाचा पास आणि धावपट्टीकडच्या भागात वाहन चालवण्याचा परवाना वेगळा लागतो. पासासाठी पूर्वचारित्र्याची पडताळणी होते, म्हणून त्याची कागदपत्रं आधीपासून तयार ठेवा.

२०१९च्या दुरुस्तीनंतर धोकादायक मालाची नोंद असलेलं लायसन्स ३ वर्षं चालतं आणि नूतनीकरणासाठी १ दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागतो. मुदत संपायच्या महिनाभर आधी संस्थेत वर्गाची तारीख घ्या, आरटीओची वेळ त्यानंतर घ्या. उलटं केलंत तर प्रमाणपत्राविना खिडकीवरून परत यावं लागेल.