सा. न. वि. वि. ते आठ बाइट

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजोबांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा आहे. बहुतेक कार्डांची सुरुवात ‘कृ. सा. न. वि. वि.’ अशी. लिहिलेली अक्षरं पाच, पण वाचणारा ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे पाचही शब्द काना-मात्रेसकट वाचतो. काहीही न गमावता मजकूर आकसवणं, म्हणजे लॉसलेस कॉम्प्रेशन, ते हेच. दोन्ही टोकांना आधीच ठाऊक आहे ते पुन्हा पाठवायचं नाही. आपल्या तारखात्यातही शुभेच्छांची वाक्यं क्रमांक लावून ठरलेली असत. दिवाळीची, लग्नाची, परीक्षा पास झाल्याची. तारेतून आकडा जाई आणि पलीकडे पूर्ण वाक्य हाती पडे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, युक्ती मात्र टिकली.

मोर्सच्या लिपीत इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या ‘ई’ला एकच टिंब आहे आणि क्वचित येणाऱ्या ‘क्यू’ला चार चिन्हं. जे वारंवार येतं त्याला आखूड खूण, हा हिशेब तिथे अंदाजाने बसवलेला होता. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी त्याला गणिताची बैठक दिली: मजकुरात अनिश्चितता किती आहे यावरून सरासरी किती बिटांच्या (० किंवा १ अशा खुणांच्या) खाली जाता येणार नाही, हे ठरतं. त्या मर्यादेजवळ कसं पोचायचं, यावर एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेऐवजी निबंधाचा पर्याय दिला. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने चिन्हांना खुणा वाटून देणारं कोडचं झाड वरून खाली न फोडता सर्वांत दुर्मिळ चिन्हांपासून वर बांधत नेलं आणि गुरूंच्या पद्धतीहून सरस पद्धत शोधली. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही झिप फाइलच्या पोटात आहे.

१९७७ आणि १९७८ मध्ये अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी कोणत्या चिन्हाला कोणती खूण, हे आधी ठरवलेल्या कोष्टकाची गरजच काढून टाकली. मजकूर पुढे सरकतो तसं मागचं वाचलेलंच शब्दकोश होतं. ‘इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल’ एवढंच लिहायचं. मोठ्या फाइलींसाठी ही पद्धत अप्रतिम आहे. पण निरोपच चाळीस-पन्नास बाइटांचा (एक बाइट म्हणजे आठ बिट) असेल, तर मागे वळून बघायला काही नसतंच. शिवाय फाइली दाबणाऱ्या जीझिप या प्रोग्रामचे १८ बाइट नुसत्या वेष्टनात जातात, त्यामुळे चिमुकली फाइल दाबायला जावं तर बऱ्याचदा फुगूनच बाहेर येते.

म्हणून छोट्या, चपळ यंत्रणा पुन्हा आजोबांच्या वाटेने गेल्या. १९९० मध्ये व्हॅन जेकबसन यांनी संथ मोडेमवरून जाणाऱ्या इंटरनेटच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वगैरे सांगणारा टीसीपी-आयपीचा ४० बाइटांचा मथळा तीन-चार बाइटांवर आणला. दोन्ही टोकांनी मागचा मथळा लक्षात ठेवायचा आणि फक्त बदल पाठवायचा. याची खरी किंमत मला आपल्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीकडे बघताना कळते. २०१९ आणि २०२४ चे पूर ज्यांनी पाहिले, ते पावसाळ्यात अजूनही ‘काला घोडा पुलावर पाणी किती?’ असंच विचारतात.

समजा, त्या पुलाखाली बॅटरीवरचं एक यंत्र दर दहा मिनिटांनी पातळी टिपतं, फुटाच्या दहाव्या भागापर्यंत. एका बाइटात २५.५ फुटांपर्यंतच मावतं आणि पुरात पाणी त्याच्याही वर जातं, तेव्हा दोन बाइट हवेत. चार तासांच्या २४ नोंदी म्हणजे ४८ बाइट. लोरावॅनवर, म्हणजे कमी विजेत दूरवर छोटे निरोप पाठवणाऱ्या रेडिओ जाळ्यावर, सर्वांत दूर पोचणारा वेग सेकंदाला साधारण २५० बिट आणि एका पाकिटाची मर्यादा ५१ बाइट. म्हणजे सगळं कसंबसं मावलं.

आता पहिली नोंद पूर्ण द्या आणि पुढे फक्त फरक: ०, ०, १, ०, −१, २... नदी शांत असेल तर प्रत्येक फरकाला दोन बिट पुरतात. २३ फरकांचे ४६ बिट, म्हणजे सहा बाइट. सगळं मिळून आठ बाइट! पाणी झपाट्याने चढलं की दोन बिटांत फरक बसत नाही. तिथे लहान फरकाला आखूड आणि मोठ्याला लांब कोड देणारी, अंतराळयानांच्या नोंदींसाठी रॉबर्ट राइस यांनी घडवलेली पद्धत कामी येते.

एक पथ्य मात्र पाळावंच लागतं. वादळात एखादं पाकीट हरवतं. म्हणून प्रत्येक पाकिटाची पहिली नोंद पूर्ण हवी, नाहीतर पुढचे सगळे फरक चुकीच्या आकड्यात मिळवले जातील. आणि कोडचं कोष्टक बदललं असेल तर कोणतं कोष्टक वापरलं, त्याचा क्रमांक सुरुवातीलाच द्यायचा.