वसंतातलं डबकं म्हणजे सड्यावरचं डबकं नव्हे

कॅलिफोर्नियातले नातलग दर एप्रिलला फोटो पाठवतात. सपाट माळ, मधे उथळ पाणी, काठाने पिवळ्या फुलांचं कडं. खाली हमखास ओळ असते, "अगदी आपलं कास!" फोटो झकास, तुलना मात्र फसलेली.

सड्यावरचं, म्हणजे काससारख्या कातळी पठारावरचं डबकं तुम्हाला सांगायला नको. जांभा, जूनमध्ये भरलेले खळगे, भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद, दिवाळीनंतर सगळं करपलेलं. तिकडच्या डबक्याला व्हर्नल पूल म्हणतात, म्हणजे वसंतातलं डबकं. तळाशी जांभ्याऐवजी चिकणमातीचा किंवा दगडासारखा घट्ट झालेला थर असतो. पाणी मुरत नाही आणि काही महिन्यांत आटतं, हे दोन्हीकडे सारखंच.

मग फरक काय? "तिकडे पाऊस कमी," हे उत्तर ऐकून मला कंटाळा आलाय. रोम आणि पुणे, दोन्हीकडे वर्षाला साधारण ७००-८०० मिमी पाऊस पडतो. प्रश्न पाऊस किती पडतो हा नाहीच, कधी पडतो हा आहे.

आपल्याकडे ऊब आणि पाणी हातात हात घालून येतात, म्हणून जूनमध्ये आठवड्याभरात कातळ हिरवा होतो. तिकडे या दोघांची चुकामूक होते. उन्हाळ्यात समुद्रावरचा जास्त दाबाचा पट्टा ध्रुवाकडे सरकून पावसाची वादळं अडवतो, हिवाळ्यात तो मागे हटला की पाऊस येतो. भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, मध्य चिली, आफ्रिकेचं केप, ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य कोपरा, सगळीकडे हेच गणित.

त्यामुळे डबकं भरतं ऐन थंडीत. ऊन मंद असल्याने पाणी उडून जात नाही, म्हणून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या जेमतेम ४५० मिमी पावसातही खळगे भरून राहतात. पण त्या गारठ्यात रोपं वाढणार कशी? कितीतरी जाती पाण्याखालीच रुजतात आणि गवताच्या काडीएवढ्या होऊन थांबून राहतात. मार्चमध्ये ऊब येते, नेमका तेव्हाच पाऊस निघून जातो. पाण्याची कड आत सरकते, तिच्या मागोमाग फुलं. काठाला पिवळी गोल्डफील्ड्स, आत पांढरी मेडोफोम, मधल्या खोलगट भागात निळी डाउनिंजिया. फोटोतलं ते कडं म्हणजे आटत्या पाण्याची खूण आहे. मे महिन्यात तळाला भेगा पडतात, आणि खरा कडक उन्हाळा तर पुढेच असतो! आपल्या सड्याला निदान मधे थंडी मिळते.

प्राण्यांचंही तसंच. तिथल्या फेअरी श्रिम्पची, म्हणजे उताणी पोहणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या जीवाची, अंडी वाळलेल्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. १९९४ पासून कायद्याने संरक्षित असलेल्या एका जातीची अंडी पाणी सुमारे १० अंशांपर्यंत गार झाल्यावरच फुटतात. कोकणातल्या आषाढसरीची ऊब तिच्या कामाची नाही.

अमेरिकेच्या पूर्वेकडे जंगलात बर्फ वितळून साचणाऱ्या डबक्यांनाही व्हर्नल पूल म्हणतात. तिथला उन्हाळा कोरडा नसतो, त्यामुळे ते प्रकरणच वेगळं. आणि "बिचारी डबकी, बारमाही पाणी ठेवायला काय जातं?" असं म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. पाणी बारमाही झालं की मासे आणि बुलफ्रॉग नावाचे मोठे बेडूक मुक्कामाला येतात, फेअरी श्रिम्प त्यांच्या पोटात जातात.

हा फरक कळला नाही की बातम्याही उलट्या वाचल्या जातात. स्पेनमधल्या दोन्यानाची विस्तीर्ण दलदल ऑगस्टमध्ये कोरडी दिसली तर ती बातमी नव्हे, ते तिचं दर वर्षीचं वेळापत्रक. पण तिथलंच सांता ओलाया हे तळं बहुतेक उन्हाळ्यांत पाणी धरून असायचं. २०२२ च्या ऑगस्टअखेरीस तेही पार आटलं. लांबलेला दुष्काळ होताच, त्यात स्ट्रॉबेरीच्या शेतांसाठी आणि किनाऱ्यावरच्या पर्यटकांसाठी भूजल उपसलं जातंय. बातमी ती होती.