टी५ ट्यूब की एलईडी? प्रवाळाच्या टाकीवरचा उजेड

आधी नावाचा घोळ मिटवूया. इलेक्ट्रिकलच्या दुकानात ‘टी५’ मागितली की हल्ली बहुधा पातळ एलईडी बॅटन हातात ठेवतात. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणारे ज्याला टी५ म्हणतात ती वेगळी: १६ मिलिमीटर जाडीची फ्लुरोसंट ट्यूब, आत थोडा पारा, सोबत इलेक्ट्रॉनिक चोक. त्यातही चार फुटी ट्यूब २८ वॅटची मिळते आणि ५४ वॅटचीही. टाकीवर लागते ती ५४ची.

आता ही ट्यूब आणि रीफ एलईडी, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठीचा एलईडी दिवा, दुकानात शेजारी पेटवून बघा. दोन्ही निळसर पांढरे, दोन्ही झगझगीत. मग माणूस वॅट आणि किंमत बघून ठरवतो. पण उजेड किती आहे याइतकंच तो कुठून येतो हेही प्रवाळाला महत्त्वाचं असतं, आणि या दोघांतला खरा फरक तिथेच आहे.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर बनवलेल्या अन्नाचा मोठा वाटा प्रवाळाला देतं. समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा खोल पोचतो. त्यामुळे हे शैवाल निळ्यावर उत्तम चालतं, आणि टाकीवरच्या दिव्यांतही साधारण ४२० ते ४८० नॅनोमीटरच्या निळ्यावरच भर असतो.

टी५ची रचना अशी, की चार-सहा ट्यूब टाकीभर आडव्या, प्रत्येकीच्या डोक्यावर स्वतंत्र रिफ्लेक्टर. उजेड एका जागेहून येत नाही, सगळ्या छतावरून उतरतो. आभाळ भरून आलेल्या दिवशी झाडाखाली ठळक सावली पडत नाही, तसंच इथे होतं. ॲक्रोपोरासारखं फांद्याफांद्यांचं प्रवाळ असेल तर फांदीच्या बाजूलाही उजेड मिळतो आणि रंग बुडख्यापर्यंत टिकतो.

एलईडीत उजेड मोजक्या ठिपक्यांतून निघतो आणि भिंग त्याला खाली ढकलतं. वरची टोकं उत्तम रंगतात. प्रवाळ लहान आहे तोवर काहीच जाणवत नाही. ते वाढून पसरलं की मात्र वरच्या फांद्यांची सावली खालच्यांवर पडू लागते. हातात छोटा टॉर्च आणि आरसा घेऊन एखाद्या मोठ्या वसाहतीच्या पोटाखाली बघा: बुडाशी तपकिरी पट्टा, कधी नुसता पांढरा सांगाडा. दिवा आणखी तेज केला तर टोकं भाजतात आणि सावली तिथेच राहते. म्हणून एका जबरदस्त दिव्यापेक्षा दोन-तीन मध्यम दिवे, थोडे उंच टांगलेले, केव्हाही बरे.

बाकी बहुतेक बाबतींत एलईडी पुढे आहे हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. तेवढ्याच उजेडाला वीज कमी लागते, प्रत्येक रंग हवा तसा कमी-जास्त करता येतो, सकाळ-संध्याकाळ हळूहळू आणता येते, आणि पाण्यात उन्हाच्या हलत्या रेघा दिसतात. टी५खाली त्या जवळजवळ नसतात. टी५च्या ट्यूबचं तेज ९ ते १२ महिन्यांत उतरतं, त्या बदलाव्याच लागतात. तेव्हाही सगळ्या एका दिवशी बदलू नयेत. आठवड्याला एक बदलली तर प्रवाळाला झटका बसत नाही. शिवाय मुंबईच्या मे महिन्यात टाकी २५-२६ अंशांवर ठेवायला पाणी थंड करणारा चिलर आधीच राबत असतो, त्यात सहा ट्यूबची उष्णता वाढते.

सगळ्यात जास्त प्रवाळं दगावतात ती टी५ काढून एलईडी लावताना. आपला डोळा हिरव्याला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वाधिक संवेदनशील. ४५० नॅनोमीटरचा निळा त्याला मंद वाटतो. ‘उजेड कमी पडतोय’ म्हणून दिवा वाढवला जातो आणि काही दिवसांत प्रवाळ पांढरं पडतं. लक्समीटरही डोळ्याच्याच हिशोबाने मोजतो, म्हणून निळ्या दिव्याखाली तो फसवतो. पार मीटर लागतो; पार म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप. तो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश मोजतो. दगडी सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार पुरतो, ॲक्रोपोराला २५० ते ३५०च्या आसपास हवा. नवा एलईडी निम्म्याहून कमी तेजावर सुरू करून चार-सहा आठवड्यांत वर न्यावा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. ॲक्रोपोरासकट दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातला एक तुकडाही उचलणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. वरचं ॲक्रोपोराचं गणित जर्मनी-अमेरिकेत टाकी सांभाळणाऱ्या, तिथल्याच टाक्यांत वाढवलेले तुकडे घेणाऱ्या आपल्या मंडळींच्या कामाचं.

मऊ प्रवाळांची टाकी असेल तर माझ्या मते टी५चा विचारही नको, साधा चांगला एलईडी घ्या. फांद्यांची दाट टाकी असेल तर मधे एलईडी आणि दोन्ही कडांना दोन-दोन टी५ ही जोडी मला आजही सर्वांत भरवशाची वाटते. फक्त युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३पासून सर्वसाधारण वापराच्या टी५ ट्यूबची नवी विक्री थांबवली आहे आणि पाऱ्याचे दिवे जगभरच मागे पडताहेत. तेव्हा फिक्स्चरचे पैसे देण्याआधी बदलीच्या ट्यूब पुढेही मिळत राहतील का, हे दुकानदाराकडून पक्कं करून घ्या.