सेवापदके, सैनिकी

एखाद्या युद्धात, मोहिमेत किंवा प्रदेशात ठरावीक काळ सेवा केलेल्या सर्व पात्र सैनिकांना दिली जाणारी पदके. शौर्यपदकाला विशिष्ट कृत्याची शिफारस लागते. सेवापदकाला अमुक तारखांच्या दरम्यान अमुक हद्दीत सैनिक हजर होता, एवढी सेवानोंद पुरते.

या प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. रोमन सैनिक छातीवर धातूच्या चकत्या (फालेरा) मिरवीत. पण त्या प्रायः वैयक्तिक पराक्रमासाठी असल्याने त्यांना सेवापदकांचे पूर्वरूप म्हणणे ताणाचे ठरते. इंग्लंडच्या संसदेने डनबारच्या लढाईनंतर (1650) काढलेल्या पदकास काही अभ्यासक पहिला मान देतात. मात्र ते सर्व सैनिकांपर्यंत पोहोचले की नाही, हे वादग्रस्त आहे. सामान्य शिपायाच्या हाती निश्चितपणे पडलेले पदक हा निकष लावला, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या दख्खन पदकाचा (सु. 1784) दावा अधिक सबळ वाटतो. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात बंगालमधून पश्चिम हिंदुस्थानात आलेल्या, तसेच दक्षिणेत हैदर-टिपूविरुद्ध लढलेल्या पलटणींतील देशी सैनिकांसाठी ते होते. त्यावर फार्सी मजकूर असून ते दोरीने गळ्यात घालीत. धातू व आकार हुद्द्याप्रमाणे बदलत. श्रीरंगपट्टणच्या पदकात (1799 च्या विजयाबद्दल) तर सोन्यापासून कथलापर्यंत पाच प्रती होत्या. सर्व हुद्द्यांना एकच चांदीचे पदक आणि त्याच्या कडेवर सैनिकाचे नाव ही पद्धत वॉटर्लू पदकाने (1816) रूढ केली.

पदकाच्या फितीवर लावलेली आडवी धातूची पट्टी लढाईचे किंवा प्रदेशाचे नाव सांगते. 1851 मध्ये मंजूर झालेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाला अशा 21 पट्ट्या होत्या. त्यांत असई, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, महिदपूर व कोरेगाव ही नावे आढळतात. पदकावर 1799–1826 असा काळ कोरला असला, तरी सर्वांत जुनी पट्टी 1803 मधील अलीगढची आहे. पदक त्या वेळी हयात असलेल्यांनाच मिळावयाचे होते. पाव शतकाहून अधिक काळ लोटल्याने बहुतेक लढवय्ये अपात्र ठरले. पुढील काही हिंदुस्थानी मोहिमांत सैनिकांना चांदीचे व लष्कराबरोबरच्या नोकरवर्गास काशाचे पदक देत. मोहीम एकच, पण धातू वेगळा.

पात्रतेची सीमारेषा कधी फार बारीक असते. पहिल्या महायुद्धातील ‘1914 स्टार’ या ब्रिटिश पदकासाठी 5 ऑगस्ट ते 22 नोव्हेंबर 1914 या काळात फ्रान्स वा बेल्जियममध्ये सेवा आवश्यक होती, सप्टेंबरअखेर मार्सेय बंदरात उतरू लागलेल्या हिंदी तुकड्या त्यात बसल्या, 22 नोव्हेंबरनंतर आलेल्यांच्या वाट्याला ‘1914–15 स्टार’ आला.

स्वतंत्र भारतात सामान्य सेवा पदक, 1947 ला ‘जम्मू आणि काश्मीर’ पट्टी होती. 1965 च्या युद्धासाठी समर सेवा स्टार, तर 1971 साठी पूर्वी स्टार व पश्चिमी स्टार काढण्यात आले. सैन्य सेवा पदक खडतर प्रदेशांतील एकूण वर्षभराच्या सेवेबद्दल असते. त्याच्या पट्ट्यांत हिमालय व मरुस्थल यांचा समावेश होतो. उच्च तुंगता पदकासाठी 9,000 फुटांवरील 180 दिवसांची सेवा लागते. 9, 20 व 30 वर्षांच्या सेवेबद्दल दीर्घ सेवा पदके आहेत. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यास पराक्रम पदक मिळते. नावावरून ते शौर्यपदक वाटते, पण त्याची कसोटी जखम हीच आहे.

बिल्ले याहून भिन्न. छत्रीधारी सैनिकाचे पंख प्रशिक्षण पुरे केल्याची खूण असते. अमेरिकेचा लढाऊ पायदळ बिल्ला (1943) मात्र प्रत्यक्ष चकमकीत भाग घेतल्यावर मिळतो. जर्मनीच्या 1918 मधील जखम-बिल्ल्यात एक-दोन जखमांना काळा, तीन-चारांना चांदीचा व पाच वा अधिकांना सोनेरी रंग असे.